मूठ बसवण्याआधी शिंग ओळखावे

सुरीच्या मुठीसाठी शिंग व हाड कसे मिळवावे आणि कसे घडवावे, याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत. बहुतेक पत्रांतील तक्रार एकसारखी आहे: मूठ तडकली, सुटली किंवा तिला वास येऊ लागला. कारणे मात्र वेगवेगळी आहेत, आणि त्यांची सुरुवात बहुधा मूठ बसवण्याच्या पुष्कळ आधी, तुकडा हातात आला त्याच दिवशी झालेली असते.

प्रश्न : म्हशीचे शिंग उकळले की मऊ होते, असे ऐकल्यामुळे माझ्याकडील जुन्या फाटेदार शिंगाचा एक बाकदार तुकडा मी दोन तास उकळला. तो तसूभरही सरळ झाला नाही. उलट आतला भाग भुसभुशीत झाला. माझे काय चुकले?

उत्तर : आपली चूक उकळण्यात नसून नावामुळे झालेल्या गैरसमजात आहे. मराठीत म्हशीच्या डोक्यावर असते तेही शिंग आणि सांबराच्या डोक्यावर असते तेही शिंगच. परंतु कारागिराच्या दृष्टीने हे दोन अगदी भिन्न पदार्थ आहेत. गाय, म्हैस, मेंढी, शेळी यांच्या शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर केराटिनची खोळ चढलेली असते. केराटिन म्हणजे आपली नखे व केस ज्याचे बनलेले असतात तेच प्रथिन. ही खोळ जन्मभर वाढत राहते, कधी गळून पडत नाही, आणि मुठीसाठी आपण वापरतो ती केवळ ही खोळच. सांबर, चितळ इत्यादींचे फाटेदार शिंग, ज्याला जुन्या बोलीत साबरशिंग म्हणतात, ते मात्र आरपार हाड असते. ते दरवर्षी गळते आणि पुन्हा उगवते. (बोलण्यात हरणांमध्ये काळवीटही येते, पण त्याचे शिंग गुरांच्या शिंगासारखे, गाभा आणि खोळ असलेलेच असते.)

उष्णतेने मऊ होण्याचा गुण केराटिनचा आहे, हाडाचा नाही. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या खनिजाचा असतो, आणि उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन असते. खनिजामुळे हाडाला कठीणपणा येतो व कोलॅजनमुळे चिवटपणा. दीर्घकाळ उकळल्यावर कोलॅजनचे जिलेटिन होऊन ते पाण्यात उतरते आणि मागे खडूसारखा ठिसूळ सांगाडा राहतो. साबरशिंगाच्या मध्यभागी मुळातच जाळीदार, सच्छिद्र गर असतो, त्यामुळे तेथे हा परिणाम सर्वांत आधी दिसतो. आपला तुकडा अजून वाया गेलेला नाही. तो सावलीत पूर्ण वाळवावा आणि गरामध्ये अगदी पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद थेंबाथेंबाने जिरवावा. बाहेरचा घट्ट थर शाबूत असेल तर मूठ होऊ शकेल. बाक मात्र तसाच राहील, आणि मुठीची आखणी त्या बाकाशी जुळवून घेणे हेच साबरशिंगाच्या कामातील खरे कौशल्य आहे.

प्रश्न : शेतावर म्हैस मेली. तिची शिंगे आणि पायांची हाडे काढून ठेवावीत असे मनात आहे. यात काही धोका आहे का? नसेल तर चांगला माल कोणता, हे कसे ओळखावे?

उत्तर : प्रथम धोक्याविषयी, कारण तेथे चूक झाली तर ती सुधारता येत नाही. जनावर अचानक, कारण न कळता मेले असेल, नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले असेल, तर त्या शवाला कोणत्याही कारणाने हात लावू नये, ते कापू नये आणि पशुवैद्यकाला कळवावे. अँथ्रॅक्स म्हणजे फाशी रोगाचे जंतू हवेशी संपर्क येताच बीजाणूंचे रूप घेतात, ते वर्षानुवर्षे तग धरतात आणि थोडा वेळ उकळल्याने मरतीलच याची खात्री नसते. लोकर, कातडी, केस आणि हाडे हाताळणाऱ्या कामगारांना हा रोग पूर्वी इतका होत असे की एकोणिसाव्या शतकात त्याला लोकर निवडणाऱ्यांचा रोग असेच नाव पडले होते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की मेलेल्या जनावराचा माल नवशिक्याने घेऊच नये. पशुवैद्यकाने तपासलेल्या, मांसासाठी कापलेल्या निरोगी जनावराची शिंगे व हाडे परवानाधारक कत्तलखान्यातून किंवा अशा मालावर प्रक्रिया करणाऱ्यांकडून घ्यावीत. ताजी हाडे हाताळताना हातमोजे घालावेत आणि हाताला जखम असेल त्या दिवशी काम बंद ठेवावे.

दुसरी बाजू कायद्याची. पाळीव गुरे, मेंढ्या व शेळ्या यांच्याबाबतही स्थानिक नियम पाहावेत. वन्य प्राण्यांच्या शिंगाबाबत तर आधी पाहावे आणि मगच हात लावावा. काही देशांत गळून पडलेले साबरशिंग वेचून विकणे वैध आहे, तर भारतासह काही देशांत जंगलातून ते उचलणे हाही गुन्हा ठरतो. ‘ते जमिनीवर पडलेलेच होते’ हे उत्तर तेथे चालत नाही. ज्याचा कागद नाही ते साबरशिंग विकत घेऊ नये.

आता निवडीविषयी. शिंगाचे टोक भरीव असते आणि बुडाकडे खोळ पोकळ व पातळ होत जाते. एका अखंड तुकड्याची मूठ हवी असेल तर टोकाचा भाग घ्यावा. पात्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवायच्या असतील तर पोकळ भागाची जाड भिंत चालते. म्हशीचे शिंग दाट, बहुधा काळे आणि नवशिक्याला समजून घेणारे असते. मेंढ्याचे शिंग अर्धपारदर्शक व देखणे असले तरी त्याच्या पिळामुळे सरळ पट्टी निघणे अवघड जाते. शिंग उजेडासमोर धरून पाहावे आणि बुडाशी थर सुटू लागले आहेत का, ते तपासावे. एकदा सुटलेला थर गोंदाने कायमचा बसत नाही. हाड घ्यायचे तर पायाच्या नळीचे घ्यावे. प्रौढ गुरांच्या नळीची भिंत जाड व सरळ असते, तर बरगड्या आणि खुब्याची हाडे आतून जाळीदार असल्यामुळे मुठीच्या कामाची नसतात.

प्रश्न : हाड स्वच्छ करण्यासाठी मी ते ब्लीचच्या पाण्यात ठेवले. आधी ते पांढरेशुभ्र दिसले, पण आता त्यावर नख ओढले की भुकटी निघते; आणि दुसऱ्या एका हाडावर काही आठवड्यांनी पिवळे तेलकट डाग उमटले.

उत्तर : या दोन वेगळ्या व्याधी आहेत. कपड्यांसाठी वापरतात ते क्लोरीनयुक्त ब्लीच हाडातील कोलॅजनच खाते. पांढरेपणा मिळतो आणि ताकद जाते. ते हाड आता मुठीस योग्य राहिलेले नाही, हे मला खेदाने सांगावे लागत आहे. पिवळे डाग मात्र चरबीचे आहेत. नळीतील मज्जा काढली तरी हाडाच्या सूक्ष्म छिद्रांत चरबी राहते आणि महिनोन्‌महिने हळूहळू बाहेर येते. वास येतो तोही तिचाच, आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) न धरण्याचे सर्वांत मोठे कारणही तीच.

माझी पद्धत अशी आहे. नळीची दोन्ही टोके करवतीने कापून मज्जा काठीने ढकलून काढावी. मांसाचे धागे खरवडावेत. त्यानंतर हाड पाण्यात मंद आचेवर ठेवावे. पाणी खळखळू न देता केवळ वाफाळते ठेवायचे, आणि मांस सुटण्यापुरताच वेळ द्यायचा. पुढचे काम साबणाचे आहे. भांडी घासण्याच्या द्रवसाबणाच्या कोमट पाण्यात हाड बुडवून ठेवावे आणि पाणी गढूळ होताच बदलावे. पाण्यावर तवंग येणे थांबेपर्यंत हे चालू ठेवायचे असते. त्याला कधी चार दिवस लागतात, कधी तीन आठवडे. चिवट चरबीसाठी झाकणबंद काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोन वापरता येते, पण ते अतिशय ज्वलनशील असल्याने मोकळ्या हवेत, ज्योतीपासून व ठिणगीपासून दूरच वापरावे. सर्वांत शेवटी औषधाच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यात हाड दिवसभर ठेवले की सौम्य, नैसर्गिक शुभ्रता येते. या भांड्याचे झाकण घट्ट लावू नये, कारण आत ऑक्सिजन वायू साठत जातो.

या क्रमात साबणाची पायरी गाळून थेट पेरॉक्साइडकडे जाण्याचा मोह बहुतेकांना होतो. तसे केले तर हाड बाहेरून पांढरे आणि आतून तेलकट राहते, आणि सहा महिन्यांनी मला असेच पत्र येते.

प्रश्न : म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या इपॉक्सी व पितळी रिव्हेटने बसवलेली सुरी चार महिने उत्तम होती. आता पुढच्या आणि मागच्या टोकाशी पट्ट्या पात्यापासून उचलल्या गेल्या आहेत. इपॉक्सी खराब होते का?

उत्तर : आपण वर्णन केलेला दोष, म्हणजे मध्ये घट्ट व टोकांशी उचललेली पट्टी, हा बहुतेक वेळा शिंगाच्या हालचालीचा असतो, इपॉक्सीचा नव्हे. शिंग हवेतील ओलावा घेते आणि सोडते, व त्यानुसार फुगते आणि आक्रसते. जनावरापासून नुकत्याच निघालेल्या शिंगात तर पाणी पुष्कळ असते. बाहेरून ते दगडासारखे कोरडे वाटते, परंतु जाड टोकाच्या आतला ओलावा बाहेर यायला कित्येक महिने लागतात. माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या काळात दोन महिने वाळवलेल्या टोकाची मूठ मी एका स्नेह्याला करून दिली होती आणि पहिल्याच कोरड्या ऋतूत ती लांबीच्या दिशेने उभी तडकली. तेव्हापासून मी शिंगाचे वय त्याच्या दिसण्यावरून ठरवत नाही, तराजूवरून ठरवतो. तुकडे मुठीपेक्षा थोडे मोठे कापावेत, कापलेल्या टोकांवर मेण किंवा रंग लावावा म्हणजे तेथून पाणी घाईने निघून भेगा पडणार नाहीत, आणि ते सावलीत, वारा खेळता राहील असे ठेवावेत. प्रत्येक तुकड्यावर तारीख आणि वजन लिहून दर पंधरवड्याला पुन्हा वजन करावे. सलग तीन-चार वेळा वजन तेच भरले तरच तुकडा तयार आहे असे मानावे. उन्हात किंवा भट्टीजवळ वाळवल्याने वेळ वाचत नाही, तुकडा जातो.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. शिंगाची पट्टी बहुधा मुळात वाकडी असते आणि ती गरम करून, दाबून सपाट केलेली असते. केराटिनला आपला मूळ आकार लक्षात राहतो, असे म्हटले तरी चालेल: पुन्हा उष्णता मिळाली की ते जुन्या बाकाकडे परतू लागते. मूठ बसवल्यानंतर बेल्ट ग्राइंडरवर आकार देताना पट्टी हाताला चटका बसण्याइतकी तापली असेल, तर तिची टोके त्याच वेळी उचलण्याच्या बेतात आली होती; चार महिन्यांनी ते केवळ दिसले. म्हणून नवा, धारदार बेल्ट, कमी वेग, हलका हात आणि शेजारी पाण्याची बादली. मोजे न घालता उघड्या बोटांनी तुकडा धरावा, म्हणजे तो तापला हे लगेच कळते. शेवटचे काम कानस आणि पॉलिश पेपरने हातानेच करणे मला अधिक पसंत आहे.

बसवण्याविषयीही काही सांगायला हवे. पट्टीची आतील बाजू काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून अगदी सपाट करावी. मग ती व पोलाद दोन्ही भरड कागदाने खरवडून, अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावीत. पाच मिनिटांत घट्ट होणारी इपॉक्सी सोयीची असली तरी मुठीसाठी चोवीस तासांत पक्की होणारी घ्यावी. क्लॅम्प सर्व ताकदीने आवळू नयेत, कारण त्याने गोंद पिळून बाहेर जातो आणि आत सांध्यासाठी काही उरतच नाही. पोलाद आणि पट्टी यांच्यामध्ये सुमारे एक मिलिमीटरपर्यंत जाडीचा व्हल्कनाइज्ड फायबरचा (कागदापासून केलेल्या चिवट पत्र्याचा) पातळ थर घातला तर शिंगाची थोडी हालचाल तो सोसून घेतो. हाडाच्या पट्टीखाली तर तो असावाच. रिव्हेटसाठीचे भोक रिव्हेटपेक्षा केसभर मोठे ठेवावे. रिव्हेट हातोडीने ठोकून फुगवला की तो भोकाच्या भिंतीवर जोर देतो. शिंग तेवढे सहन करते, हाड मात्र उभे चिरते. हाडासाठी साधी, न ठोकता इपॉक्सीत बसवलेली पिन किंवा दोन्हीकडून स्क्रूने आवळला जाणारा रिव्हेट वापरावा.

आपल्या सुरीच्या पट्ट्या काढून टाकाव्या लागतील. उचललेल्या टोकात गोंद भरून क्लॅम्प लावला तर ताण आत तसाच राहतो आणि तोच सांधा पुन्हा उघडतो.

प्रश्न : मग शिंग सपाट करताना तो मूळ बाक कायमचा जाईल असे काही करता येत नाही का?

उत्तर : पूर्णपणे नाही, परंतु पुष्कळ कमी करता येतो. बाक जितका थोडा, तितका ताण थोडा. म्हणून पट्टी शिंगाच्या सर्वांत सरळ भागातून, लांबीच्या दिशेने कापावी आणि उरलेला बाक शक्यतो घासून काढता येईल इतकी जाडी ठेवावी. त्यानंतर पट्टी उकळत्या पाण्यात अर्धा ते एक तास ठेवून, बाहेर काढताच आधी गरम करून ठेवलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये धरावी आणि व्हाइस हळूहळू, दर दोन-तीन मिनिटांनी थोडा थोडा आवळत जावे. एकदम आवळल्यास थर सुटतात. रात्रभर, पूर्ण थंड होईपर्यंत दाब काढू नये. मग तिला मोकळे सोडून किमान दोन आठवडे पाहावे. या काळात ती वळली तर पुन्हा दाबावी. वळायचे ते गोंद लावण्यापूर्वी वळून घेऊ द्यावे. पूर्वीचे कारागीर याच गुणाचा उपयोग करून शिंगाचे पातळ, जवळजवळ पारदर्शक पत्रे दाबत आणि कंदिलांना काचेऐवजी ते बसवत. जाड तुकड्यांसाठी काही जण गरम तेल वापरतात, पण ओले शिंग तेलात पडले की तेल उसळते, म्हणून घरगुती कामात मी त्याची शिफारस करत नाही.

प्रश्न : पात्याचा मुठीत जाणारा दांडा लाल करून शिंगात घुसवला की अचूक बसतो, असे म्हणतात. ते योग्य आहे का?

उत्तर : बसतो अचूक, पण पात्याचे पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरते. कडक करून झालेल्या पोलादाला साधारणपणे १७५ ते २३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ताव दिलेला, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा तापवलेले असते. लाल दांड्याची उष्णता पात्यात चढत गेली की धार मऊ पडते. ही रीत वापरायचीच असेल तर पात्याला पाणी देण्यापूर्वी वापरावी, किंवा दांड्याच्याच मापाची वेगळी सळई करून तिने जागा जाळावी. मी ड्रिलने भोके पाडून बारीक कानशीने ती एकत्र करतो. काम सावकाश होते, पण भोवतालचे शिंग जळून कोळसा होत नाही.

प्रश्न : शिंग घासताना येणारा वास आणि धूळ कितपत अपायकारक आहे?

उत्तर : वास हा केराटिनमधील गंधकामुळे येतो, जळलेल्या केसांचा वास हाच. तो त्रासदायक असला तरी तो एक उपयुक्त इशाराही आहे: वास तीव्र झाला म्हणजे तुकडा तापतो आहे. धुळीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. शिंग व हाड यांची बारीक धूळ श्वसनमार्गात चुरचुर निर्माण करते आणि काहींना तिची ॲलर्जी जडते. साधा रुमाल पुरेसा नाही. एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क हवा, धूळ ओढून घेणारी सोय हवी, आणि जेथे शक्य तेथे ओले घासावे. कामाचे कपडे घरातील इतर कपड्यांत मिसळू नयेत. चकाकी आणताना हाडावर काळे पॉलिश लावू नये, ते छिद्रांत बसले की निघत नाही. आणि बफच्या चाकावर तयार सुरी धरताना पाते जाड टेपने गुंडाळलेले असावे; चाक पाते हिसकावून फेकू शकते.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या सुरीची मूठ पांढरी आहे. ती हस्तिदंताची की हाडाची, हे तापलेली सुई लावून पाहू का?

उत्तर : कृपया सुई लावू नये. जुन्या काळी हस्तिदंताची नक्कल सेल्युलॉइडमध्ये होत असे आणि सेल्युलॉइड अतिशय लवकर पेट घेते. त्याऐवजी दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन मुठीचे बूड, म्हणजे आडवा छेद दिसतो ती बाजू, चांगल्या उजेडात पाहावी. हाडात बारीक काळसर ठिपके आणि बाजूने पाहिल्यास तुटक रेघा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नलिकांच्या खुणा होत. हस्तिदंतात त्या नसतात. त्यात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, आणि बाहेरच्या कडेजवळ त्या रेषांमधील कोन हत्तीच्या दातात सहसा ११५ अंशांहून मोठा, तर लुप्त झालेल्या मॅमथच्या दातात ९० अंशांहून लहान असतो. अगदी सरळ, समांतर, एकसारख्या रेघा दिसल्या तर तो बहुधा सेल्युलॉइड आहे.

जाळी दिसली तर मूठ बदलू नये, विकूही नये. धोक्यात आलेल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा ‘साइट्स’ हा करार १९७३ साली झाला आणि १९७५ पासून लागू आहे. आशियाई हत्ती तेव्हापासूनच त्याच्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे आणि आफ्रिकी हत्तीविषयीचा तसा निर्णय १९८९ साली झाला. घरातील जुन्या वस्तूविषयी आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो, हे वनविभागाकडे लेखी विचारावे.

प्रश्न : कपाटात ठेवलेल्या शिंगाच्या तुकड्यांना बारीक खड्डे पडले आहेत. हा बुरशीचा प्रकार आहे का?

उत्तर : नाही, ती कीड आहे. लोकरीचे कपडे खाणाऱ्या कसरीच्या आणि गालिचे खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांना केराटिन पचते, म्हणून शिंगही चालते. तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंश किंवा त्याहून कमी तापमानात, दोन आठवडे ठेवावेत. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर शिंगावर दव जमते आणि वाळवणीचे सर्व कष्ट वाया जातात. खड्डे उथळ असतील तर आकार देतानाच ते घासले जातील. खोल असतील तर तो तुकडा छोट्या सुरीसाठी बाजूला ठेवावा. तयार मुठीवर महिन्या-दोन महिन्यांनी मेणाचा पातळ हात फिरवल्यास ओलावा व कीड दोन्हींपासून संरक्षण मिळते, मात्र अशी सुरी पाण्यात भिजत ठेवू नये आणि उन्हात वाळवू नये.